वीतभर अंतर

तुझ्या गच्चीवरच्या खोलीतला पहिला ट्रॅक ऐकला. पोरीचा गळा गोड आहे, सुरात आहे, शब्द स्वच्छ कळतात. पण आवाज खोलीतच कुठेतरी अडकलाय. खाली दबदब, वर हिस, आणि ‘भ’ आला की स्पीकरवर धप्प. वर तू विचारतोस, काका, यावर कुठला प्लग-इन लावू? कुठलाच लावू नकोस. आधी माइक हलव.

मी मुंबईच्या स्टुडिओंमध्ये आधी केबली गुंडाळल्या, मग कुठे कन्सोलवर बसायला मिळालं. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते साहेब म्हणायचे, रेकॉर्डिस्टचं निम्मं काम पायांनी होतं. काचेमागून उठायचं, बूथमध्ये जायचं, माइक दोन बोटं सरकवायचा, परत येऊन ऐकायचं, पुन्हा उठायचं. हल्ली सगळ्यांना खुर्ची सोडायचा कंटाळा. ‘मिक्समध्ये बघू’ हे एक वाक्य प्रत्येकाच्या तोंडी. अरे, मिक्समध्ये फार तर झाकता येतं. खोलीचा जो आवाज गळ्याबरोबर आत आला, तो नंतर गळ्यापासून पुरता वेगळा करता येत नाही.

मोजपट्टी शोधू नकोस, माप तुझ्या हातात आहे. अंगठा माइकच्या जाळीला लाव आणि करंगळी गाणाऱ्याच्या ओठांकडे ताण. ही झाली वीत, साधारण २२ सेंटिमीटर. कंडेन्सर माइकवर गळा घ्यायचा तर सुरुवात इथून. मोठ्या पट्टीत मोकळं गाणारा असेल तर दीड वीत. अगदी कुजबुजल्यासारखं गाणं असेल तर चार बोटं पुढे घे. वीत हा नियम नाही, उभं राहायची पहिली जागा आहे. तिथून ऐकत ऐकत सरकायचं.

का, ते नीट समजून घे. ज्या माइकला आपण कार्डिऑइड म्हणतो, म्हणजे जो पुढचं ऐकतो आणि मागचं टाळतो, त्याला एक खोड आहे. तोंड जितकं जवळ, तितका तो खर्जाकडचा आवाज फुगवतो. बारीक गळ्याला हे थोडं फुगणं मानवतं, भरदार वाटतो. पण ढाल्या आवाजाचा माणूस माइकला चिकटला की शब्दांचा चिखल होतो. तुझ्या ट्रॅकमधली दबदब तीच. पोर चार बोटांवर उभी होती, मला इथे बसून कळलं.

जवळ उभं राहण्यात दुसरी गोम आहे. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. आता हिशेब कर. गाणारा चार बोटांवर आहे आणि गाता गाता चार बोटं मागे गेला, तर अंतर दुप्पट, ६ डेसिबल गेले. तोच माणूस दोन वितींवर असता आणि तेवढाच मागे गेला असता, तर फरक दीड डेसिबलचाही पडला नसता. म्हणून जो गाताना डुलतो त्याला जरा लांब ठेवायचा. भीमसेन जोशींच्या मैफलींचं चित्रण बघ. मान, खांदे, हात, सगळं अंग गाण्याबरोबर फिरतं. अशा माणसाला ‘हलू नका’ म्हणणं म्हणजे ‘गाऊ नका’ म्हणणं. माइकनेच त्याच्या फिरण्याला जागा द्यायची.

आणि हे अंतराचं भान काही आजचं नाही. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कोलकात्यात आला आणि त्याने गौहर जानचं गाणं तबकडीवर घेतलं, तेव्हा माइक नव्हताच. मोठा कर्णा असायचा, त्यात तोंड घालून गायचं. त्या काळात वरचा सूर आला की गाणाऱ्याला मागे सरकावं लागे, नाहीतर मेणावरची सुई उडायची. १९२५ नंतर विजेवरचं रेकॉर्डिंग आलं, कर्णा गेला, पण मागे सरकायची ती समज राहिली. ‘महल’ची गोष्ट तर लताबाईंनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे. १९४९चा सिनेमा, संगीत खेमचंद प्रकाश यांचं. कुणीतरी दुरून गात जवळ येतंय, असं त्यातलं एक गाणं हवं होतं. मग माइक खोलीच्या मध्यात ठेवला, लताबाई कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि गात गात पावलं टाकत माइकपर्यंत आल्या. ना रिव्हर्बचं मशीन, ना ऑटोमेशन. आजही ऐकलं तर ती खोली ऐकू येते. तुझ्या खोलीत असा प्रयोग करू नकोस मात्र. खोली ऐकू येण्यासारखी असावी लागते, तुझी अजून नाही.

तर खोलीकडे येऊ.

वर स्लॅब, खाली टाइल्स, चारही भिंती प्लास्टरच्या. मध्ये उभा राहा आणि एक टाळी वाजव. ‘टर्रर्र’ असं शेपूट ऐकू येईल. समोरासमोरच्या दोन भिंती आवाज एकमेकींकडे टोलवतायत, ते हे शेपूट. तू भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेस, फोटोत दिसले. काढून टाक. त्याने वरवरची थोडी किणकिण कमी होईल, बाकी धूळ आणि झुरळं. आवाज खायला जाडी लागते. आपण भिवंडीचे. लूमच्या या मुलखात कापडाला तोटा नाही. जाड गोधड्या घे, लूमवरचं जाड कोरं कापड चार-पाच पदरी शिवून घे, जुनी कापसाची गादी घे. जमिनीवर सतरंजी टाक, दुहेरी.

आता ती गादी कुठे लावायची, इथे सगळे फसतात. बहुतेक जण माइकच्या मागे लावतात. माइकची पाठ तर आधीच बहिरी आहे! गाणाऱ्याचा आवाज खोलीत फिरून परत येतो आणि गाणाऱ्याच्या डोक्यामागच्या भिंतीवरून उसळून सरळ माइकच्या तोंडात शिरतो. म्हणून पहिली गादी गाणाऱ्याच्या पाठीमागे. दुसरी गोधडी त्याच्या डाव्या-उजव्या खांद्याकडे, पडद्यासारखी. उरलं तर डोक्यावर छताला. माइकमागे सगळ्यात शेवटी.

आणि माइक खोलीच्या बरोब्बर मध्यात ठेवू नकोस. तुझी खोली दहा बाय दहा. दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर साचतो, भिंतीपाशी तो फुगतो आणि मध्यावर नाहीसा होतो. त्याच्या पटीतले वरचे सूरही असाच लपंडाव खेळतात. कोपऱ्यात तर सगळेच जमा होतात. एका भिंतीपासून खोलीच्या साधारण एक तृतीयांशावर उभा राहा, तेही जरा तिरका, भिंतीला काटकोनात नको. मग गाणाऱ्याला ‘आ’ लावायला सांगून हळूहळू खोलीभर चालायला लाव आणि कानाने ऐक. जिथे आवाज उघडा आणि सरळ वाटेल तिथे खडूने फुली मार. ती तुझ्या खोलीची जागा. मी फोनवरून ती सांगू शकत नाही.

माइकची पाठ बहिरी आहे, याचा आणखी एक उपयोग. गाणाऱ्याचं तोंड रस्त्याकडच्या खिडकीकडे कर, म्हणजे माइकची पाठ खिडकीला लागेल. रात्री भिवंडी-वाडा रस्त्यावरून डंपर जातो, तो घरघर करत येतोच येतो, पण निदान माइकच्या पुढून येणार नाही. जमिनीतून जी थरथर येते ती मात्र स्टँडमधून चढते. स्टँडखाली जाड फोमचा तुकडा घाल, आणि माइकवर किंवा इंटरफेसवर ‘लो-कट’चं बटण असेल तर ८० हर्ट्झवर लाव. सुपरकार्डिऑइड माइक असेल तर लक्षात ठेव, तो ठीक पाठीमागचं थोडं ऐकतो. त्याचे बहिरे कोपरे मागच्या दोन्ही बाजूंना तिरके, साधारण १२६ अंशांवर असतात. त्याची पाठ खिडकीला लावून उपयोग नाही, तिरका फिरवावा लागतो.

पंखा बंद. हो, मे महिन्यातही. टेक झाला की लाव, टेकच्या आधी बंद कर. गाणाऱ्याला पाणी दे, पण फ्रीजचं नको, आणि फ्रीज शेजारच्या खोलीत घुमत असेल तर त्याचाही प्लग काढ. नंतर लावायला विसरू नकोस, नाहीतर वहिनी मला फोन करतील. मोबाइल फ्लाइट मोडवर, सगळ्यांचे.

आता ‘भ’ची धप्प. आपल्या भाषेत प, फ, ब, भ पदोपदी येतात, आणि हळदीच्या गाण्यात तर नवरीचा भाऊ आल्याशिवाय कडवं संपत नाही. हे वर्ण म्हणताना ओठांतून वाऱ्याचा झोत सुटतो. गाणाऱ्या पोरीला सांग, तोंडासमोर तळहात धर आणि म्हण, भाऊ, फूल, पाऊल. हातावर वारा आपटेल. मग हात हळूहळू बाजूला ने. एका जागी वारा लागायचा थांबेल, पण आवाज तसाच ऐकू येत असेल. त्या जागी माइक लाव. बहुतेक वेळा ती जागा तोंडाच्या रेषेपासून दोन-तीन बोटंच बाजूला किंवा वर असते. माइकचं तोंड मात्र ओठांकडे वळवलेलं हवं. वारा सरळ निघून जातो, आवाज सगळीकडे पसरतो, एवढंच त्यातलं गुपित.

त्याशिवाय पॉप फिल्टर हवाच. विकत नसेल आणायचा तर भरतकामाच्या लाकडी रिंगवर बायकांचा नायलॉनचा पातळ मोजा ताणून बसव. माइकपासून चार बोटं सोडून लाव, जाळीला चिकटवू नकोस, मध्ये हवा मोकळी राहिली पाहिजे. शिवाय फिल्टरचा दुसरा फायदा असा की गाणाऱ्याचं नाक त्याला टेकतं आणि तो पुढे येऊ शकत नाही. मी कित्येकदा फक्त त्या कुंपणासाठी फिल्टर लावलाय.

हिस वेगळी. स, श, आणि आपला दातांवरचा च, चटका किंवा चांदणं म्हणताना येतो तो, यात हवा पुढच्या दातांच्या फटीतून बारीक धारेसारखी निघते आणि सरळ पुढे जाते. म्हणून तोंडासमोर नेमक्या रेषेत माइक असला की सुया टोचतात. माइक थोडा खाली, हनुवटीच्या रेषेत आणून वर बघणारा ठेव, किंवा डोळ्यांच्या रेषेत नेऊन खाली बघणारा. खाली आणलास तर छातीचा ऊबदार आवाज जास्त येतो, वर नेलास तर आवाज हलका आणि उघडा वाटतो. बारीक गळ्याच्या पोरीला खालून, खर्जाच्या गड्याला वरून. असं मी सुरू करतो, मग कान सांगेल तसं. वर ठेवल्याने एक तोटा होतो तोही सांगतो. गाणारा माइककडे बघायला मान वर करतो, गळा ताणला जातो, वरचे सूर चढेनासे होतात. त्याच्या नजरेसमोर, माइकच्या खाली, गाण्याचा कागद लाव, म्हणजे मान आपोआप खाली राहील.

कागदाचाही त्रास असतो. पत्र्याचा सपाट स्टँड माइकखाली उभा ठेवलास तर त्यावरून आवाज उसळून माइकमध्ये दुसऱ्यांदा येतो, क्षणभर उशिरा, आणि मूळ आवाजातले काही सूर खातो. आवाज नळीतून आल्यासारखा वाटतो तो त्यामुळे. स्टँडवर टॉवेल टाक आणि तो तिरका कर.

एक अगदी पहिल्या इयत्तेची गोष्ट, पण सांगून टाकतो. जाड नळकांड्याचा कंडेन्सर असतो त्याच्या टोकात गायचं नसतं, बाजूने गायचं असतं. बहुतेक कंपन्या नाव ज्या बाजूला छापतात ती पुढची बाजू. नवीन स्टुडिओत जाऊन उलट्या बाजूला गायलेले टेक मी ऐकलेत. सुंदर गळे, आणि सगळे शेजारच्या खोलीतून गायल्यासारखे.

आपल्याकडच्या गायकांची म्हणून एक खास अडचण आहे. आगरी-कोळी गाण्यांचे बहुतेक गायक स्टेजवर तयार झालेले. बेंजो वाजतोय, ढोल वाजतोय, समोर मंडप नाचतोय, अशा गोंगाटात माइक ओठांना लावल्याशिवाय स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. शुअरचा एसएम ५८ हा १९६६ पासूनचा माइक मुळात त्याच कामाचा. जवळून गायल्यावर खर्ज फुगणार हे धरूनच त्याचा खालचा आवाज कापलेला आहे. हाच गायक तुझ्याकडे येतो, कंडेन्सरसमोर उभा राहतो आणि दुसऱ्या ओळीला जाळी चावायला पुढे येतो. त्याला टोकू नकोस, टोकलास की तो अंतर सांभाळेल आणि गाणं सोडेल. त्याच्या हातात बंद पडलेला स्टेजचा माइक दे आणि खरा माइक त्याच्या पुढे दीड वितीवर लाव. हातात माइक आला की त्याचा स्टेज परत येतो. फार जोरात गाणारा असेल तर सरळ ५८वरच घे. महागडा माइक वापरला नाही म्हणून कुणी पैसे परत मागत नाही.

हेडफोनचा आवाज फार मोठा ठेवू नकोस. कानात ट्रॅक कोकलत असेल तर गाणारा सुराच्या खाली उतरतो, आणि हेडफोनमधली क्लिक गळतीने माइकमध्ये येते. एक कान मोकळा ठेवायचा असेल तर त्या बाजूचा हेडफोन कानामागे दाबून बसवायचा, बाहेर तोंड करून लोंबू द्यायचा नाही. गेन असा ठेव की सगळ्यात वरचा सूर -१० ते -१२ डेसिबलच्या पुढे जाणार नाही. २४ बिटवर घेतोस, मग लाल दिव्याशी खेळायची गरज काय?

आता धवलारणींचं, म्हणजे लग्नात धवले गाणाऱ्या बायकांचं. तू लिहिलंयस की गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडून धवले रेकॉर्ड करून ठेवायचे आहेत. हे काम तू आधी कर, हळदीचे रिमिक्स वर्षभर थांबतील. आगरी लग्नात विधी पुढे सरकतो तो धवल्याच्या ओळीबरोबर, आणि ज्यांना सगळं पाठ आहे त्यांची वयं तू बघतोच आहेस.

त्यांना गच्चीवरच्या खोलीत बोलावू नकोस. जिना, उकाडा, हेडफोन, समोर उभा केलेला माइक, यात त्यांच्या तोंडून पाठ केलेलं तेवढंच येईल. कुणाच्या जुन्या कौलारू घराची ओटी असेल तर तिथे जा. कौलं, लाकूड, सारवलेली जमीन, दारात वाळत घातलेलं काही, यात टाळी मारून बघ, शेपूट निघत नाही. पाऊस सुरू व्हायच्या आधी जा. पावसात बेडूक आणि रातकिडे तुझ्या आजीपेक्षा मोठ्याने गातील, आणि पुढे पत्रा असला तर संपलंच.

बायका बसतात तशाच बसू दे, अर्धगोलात. एक पुढे म्हणते, बाकीच्या झेलतात. एकच माइक, मध्ये, बसल्यावर तोंड येतं त्या उंचीवर, पुढे म्हणणारीपासून दोन-अडीच विती. तुझ्या माइकला सगळीकडून ऐकायची सोय असेल तर ती लाव, त्या सोयीत जवळ गेल्याने खर्जही फुगत नाही. मग मिक्सिंग बसण्याच्या जागेने करायचं. जिचा आवाज मोठा तिला हातभर मागे, जिचा बारीक तिला पुढे. हे सांगताना ‘तुमचा आवाज मोठा आहे’ म्हणू नकोस. ‘आजी, तुम्ही भिंतीला टेकून बसा, पाठ दुखेल,’ म्हण.

दोन माइक लावायचा मोह होईल. लावलेस तर एवढं सांभाळ, दोन माइकांमधलं अंतर हे प्रत्येक माइकपासून तोंडाच्या अंतराच्या निदान तिप्पट हवं. माइक तोंडापासून एक हात, तर दुसरा माइक त्यापासून तीन हात लांब. त्याहून जवळ आणलेस तर एकच आवाज दोन वेळा, किंचित मागे-पुढे, असा नोंदला जातो आणि पोकळ होतो. दोघीच समोरासमोर बसून म्हणणार असतील तर आठाच्या आकड्यासारखं पुढून आणि मागून ऐकणारा माइक दोघींच्या मध्ये ठेव. त्याच्या दोन्ही कडा बहिऱ्या असतात, तेव्हा अंगणाकडे कड कर.

ट्रॅक ऐकवू नकोस. क्लिक तर अजिबात नको. त्यांची लय त्यांच्या श्वासाची आहे, आणि पट्टी त्या दिवशीच्या गळ्याची. कीबोर्ड लावायचाच असेल तर नंतर त्यांच्या सुराला लाव, त्यांना कीबोर्डच्या सुराला ओढू नकोस. हातातल्या बांगड्या वाजतील. मधल्या आजीचा हात मांडीवर ताल धरतो, तो आवाजही येईल. बांगड्या काढायला सांगायच्या नाहीत, विसरूनही नाही. फार वाजत असतील तर माइक जरा वर घे, हात खाली असतात. आणि ‘हलद’ म्हणाल्या तर ‘हळद’ करायला लावू नकोस, तुझ्या शाळेतल्या बाईंचं गाणं घ्यायला तू गेलेला नाहीस.

रेकॉर्डर त्या आल्यापासून चालू ठेव. चहा, सुपारी, कोण कुणाच्या लग्नात काय म्हणालं होतं, सगळं येऊ दे. धवला सुरू होण्याआधी एक जण हळूच ओळ आठवून बघते, ते तुला पुन्हा मिळणार नाही. संपल्यावर अर्धा मिनिट कुणीही बोलायचं नाही, फक्त ओटीचा आवाज घे. दोन टेक जोडताना तो मध्ये भरायला लागतो.

काम झालं की लिहून ठेव. कोण, कुठला माइक, किती विती, तोंडाच्या वर की खाली, गादी कुठे. पुढच्या वेळी तीच पोर एक कडवं दुरुस्त करायला येईल आणि तुला तोच आवाज पुन्हा जुळवावा लागेल, तेव्हा वहीच उपयोगी पडेल. जमिनीवर गाणाऱ्याच्या टाचांपाशी चिकटपट्टी लाव आणि त्यावर नाव लिही.

आणि माइक स्टँडवर रात्रभर सोडू नकोस. आधी फेडर खाली, मग ४८ व्होल्टची फँटम पॉवर बंद, मग थोडं थांबून केबल काढ. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या दमट हवेत कंडेन्सर चुरचुरायला लागतो, पडद्यावर ओल बसते. झाकण घट्ट बसेल असा प्लास्टिकचा डबा घे, तळाला सिलिका जेलच्या पुड्या टाक, माइक कापडात गुंडाळून आत ठेव. निळे दाणे घेतलेस तर ते गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करता येतात. कढई वहिनींची घेऊ नकोस, वेगळी ठेव. मी पुढच्या रविवारी येतोय. तोवर अंड्यांचे ट्रे उतरव आणि गाद्या उन्हात टाक.